राधेचं दप्तर

पितळेची घागर रिकामी असली तरी जडच असते.

*

विहारातली खीर संपत आली होती. ढोलकीवाल्यासाठी एक वाटी झाकून ठेवलेली.

*

"ही चाल आता त्या दुसऱ्याला गाता येणार नाही ना रे?" घाटकोपरच्या मांडवात पहिल्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला. हळू म्हणाला, पण माईक जवळ होता.

*

चारकोपच्या त्या सेक्टरमध्ये भाजीवाला समोरच्या गल्लीच्या तोंडाशी बसतो. घाडींच्या घरातला पुरुष मात्र हल्ली रिक्षा स्टँडला वळसा घालून लांबून भाजी आणतो. मेथी घरी येईपर्यंत मान टाकते.

*

संघमित्रा. बाळा बुवा. मात्रा मोजून बघा. एक नाव काढलं तर दुसरं त्या जागी बरोबर बसतं, ओढावं लागत नाही.

*

मुलुंडच्या हॉलबाहेर लावलेला फ्लेक्स: गौळणसम्राट गुरुवर्य बाळा बुवा मेस्त्री यांचा भव्य सत्कार व डबलबारी. फोटो गिरणीच्या जुन्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. फोटोतला तरुण कुणालाच ओळखत नसल्यासारखा बघतोय.

*

हे सगळं ज्याच्या घशात अडकलं तो सर्वेश घाडी. दिवसा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बाटल्यांची झाकणं पाडणाऱ्या मशीनवर, संध्याकाळी भजनी बुवा. गाव देवगडकडचं. बाप गिरणीतला, गिरणी बंद पडली तसे सगळे परळहून उचलून चारकोपला आलेले. चाळिशी गाठली तरी लोक त्याला 'बाळा बुवांचो झील' म्हणत. तो बुवांचा मुलगा नव्हता, शिष्य होता. पण बुवांनी त्याला पेटी शिकवली, श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं, आणि समोरच्याने टोमणा मारला की हसून दोन सेकंद कसे मिळवायचे तेही शिकवलं. एवढं खुद्द बापानेही शिकवलं नव्हतं.

डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात. पेटी पुढ्यात, पखवाज बाजूला, कोरस पाठीशी. एकाने गायचं, दुसऱ्याने चढ करायची, आणि मधल्या वेळात एकमेकांची यथेच्छ धुलाई. चाली सिनेमाच्या चालतात. काल आलेल्या सिनेमाची चाल आज विठ्ठलाच्या अंगावर चढवली तर लोक वाहवा करतात. चाल म्हणजे सार्वजनिक नळ, ज्याची कळशी आधी लागली त्याचं पाणी. शब्दांचं तसं नाही. शब्द संतांचे तरी हवेत, नाहीतर आपले. आणि बाळा बुवांच्या शिष्यांत आणखी एक रीत होती. शिष्याने गौळण रचली तरी शेवटच्या कडव्यात नाव गुरूचं घालायचं. 'झाड ज्याचा, आंबो त्याचो,' असं बुवांचे गुरू म्हणत. शिष्याचं नाव कुठेच येत नसे. शिष्याला स्वतःचं नाव यावं असं वाटलं तर आधी त्याने शिष्य करावा.

रीत चांगली होती. माणूस नम्र राहतो. पण चोरी करणाऱ्याने ही रीत पाळली तर काय होतं, याचा विचार तिच्यात कुणी केला नव्हता.

माघी गणपतीला घाटकोपरात बारी होती. समोर नंदकुमार बुवा. सर्वेशने महिनाभर खपून एक गौळण बसवली होती, नव्या सिनेमाच्या गाजत्या चालीवर. नंदकुमार बुवा आधी बसले. पेटीवर पहिले सूर वाजले आणि सर्वेशच्या पखवाजवाल्या दादूने त्याच्याकडे बघितलं. तीच चाल. तोच सिनेमा. नंदकुमार बुवांनी ती अशी गायली की मांडवातली पोरं उभी राहून नाचली.

समोरच्याने वापरलेली चाल आपण परत गाणं म्हणजे त्याचं उष्टं खाणं. त्यापेक्षा पेटी मिटून घरी जावं.

"काय घाडी बुवा," नंदकुमार बुवा माईकवर म्हणाले, "चेहरा का पडला? आम्ही काही तुमचं उचललं का? असेल तर सांगा, परत करतो. थोडं वापरलेलं आहे, पण धुऊन देतो."

मांडव हसला. सर्वेशही हसला. दोन सेकंद मिळाले.

"वाट लागली," दादू पुटपुटला. "जुनी कुठली तरी घे."

"जुन्या सगळ्या यांच्यासमोर झाल्यात."

"मग?"

मग बोटं पेटीवर गेली. कुठे जातायत ते सर्वेशला कळायच्या आत गेली.

*

त्याआधीच्या वैशाखात, बुद्धपौर्णिमेला, विहारातला ढोलकीवाला गावी गेला होता. समोरच्या गल्लीतले लोक घाडींच्या दारात आले. "दादा, तुझ्या हातात ताल आहे. तासभर ये." सर्वेश गेला. त्याची बायको अक्षताही गेली. दोन-चार जणांची गाणी झाली आणि मग शकुमावशी उभी राहिली.

शकु त्याच गल्लीतली, जालन्याकडची. आधी देवनारला राहायची, मग चारकोपला आली. नवरा लवकर गेला. इस्पितळात साफसफाईचं काम करून लेकीला वाढवलं. लेक संघमित्रा आता अंधेरीला एका लॅबमध्ये आहे. शकुमावशी गायला उभी राहिली की पदर कमरेला खोचते, जणू काही मोठं उचलायचं आहे. माईक तिने बाजूला केला.

जा गं लेकी, मागं नको बघू
वळणावर मी उभी हाय
दप्तराला तुझ्या ओझं नको म्हणू
माझ्या डोईचं उतरलं हाय

सर्वेशची ढोलकी दुसऱ्या ओळीला चुकली. चुकली म्हणजे थांबली. मग त्याने ती पकडली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. खीर खाताना तो अक्षताला म्हणाला, "डोईचं उतरलं हाय. काय लिहिलंय यार." अक्षता म्हणाली, "चारोळी काढून ठेवू नकोस, खा."

*

घाटकोपरला बोटांनी ती चाल काढली. 'जा गं' इथपर्यंत तोंडात आलं. पुढे 'लेकी' यायचं होतं. पण ही गौळणीची वेळ होती, समोर गणपती होता, लेक कुठून आणायची? 'राधे' आलं. लेकीच्या जागी राधा आली म्हटल्यावर दप्तर कसं चालेल? घागर आली. 'हाय'चं 'आहे' झालं. बसल्या जागी, एका आवर्तनात, शिंप्याने दुसऱ्याच्या मापाचा सदरा काखेत उसवून आपल्या गिऱ्हाइकाला घालावा तसं झालं सगळं.

शकुच्या शेवटच्या कडव्यात लेकीचं नाव होतं:

संघमित्रा निघाली पुढं
मागं आता वाट न्हाई

तिथे रीतीप्रमाणे गुरूचं नाव आलं:

बाळा बुवा म्हणती, राधे
मागं आता वाट नाही

कुठेही खडा लागला नाही. मांडव गप्प झाला आणि मग उठला. बायका डोळे पुसत होत्या. नंदकुमार बुवा स्वतः उठून आले, सर्वेशच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ही कुठल्या सिनेमाची रे?"

"सिनेमाची नाही," सर्वेश म्हणाला.

त्या रात्री तो तेवढं एकच खरं बोलला.

*

पुढे व्हायचं ते झालं. कुणीतरी व्हिडिओ टाकला. बोरिवली, भांडुप, विरारपासून फर्माइशी आल्या. ऐकणाऱ्यांना रीत ठाऊक नसते. ज्याचं नाव शेवटी येतं त्याने रचलं, एवढंच त्यांना कळतं. 'बाळा बुवांची गौळण' म्हणून ती लोकांच्या तोंडी बसली. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवून स्वतः मागे राहिलेल्या बुवांना ऐंशीच्या उंबरठ्यावर लोक ओळखू लागले. भजनी मंडळांच्या संघाने सत्कार ठरवला. सत्काराला सर्वेशने तीच गौळण गायची, गुरूच्या समोर.

आणि सर्वेश भाजी वळशाने आणू लागला.

मशीनवर उभा राहून तो रोज कबुली द्यायचा. मशीन दाबलं की झाकण पडतं, उचललं की पडत नाही. कबुली दोन दाबांच्या मधे बसवावी लागते.

मावशी, माझ्याकडून एक —
मावशी, तुम्ही ऐकलं असेलच, ते जे —
भजनात असं चालतं मावशी, चाली सगळ्यांच्या —
चाल नव्हे हो. शब्द. शब्दसुद्धा —
मावशी, तुमचं नाव मी —

झाकणं निळी होती. संध्याकाळी पोतं भरलेलं असायचं आणि कबुली कोरीच राहिलेली.

*

सत्काराच्या आधी बुवांनी त्याला मुलुंडला बोलावून घेतलं. बुवा खाटेवर बसले होते, गळ्याला मफलर, पुढ्यात पेटी. पेटीचं झाकण बंद.

"बस. च्या घेतंस?"

"नको बुवा."

"घे. सून करता तेका तरी बरां वाटात." मग आवाज न बदलता म्हणाले, "ह्या गाणां तुका खय सुचला?"

"घाटकोपरला. बारीत. बसल्या बसल्या."

"बसल्या बसल्या मूळव्याध होता. गौळण नाय होणा."

आतून सून खुदकन हसली. सर्वेशने मान खाली घातली.

"माका एक सांग," बुवा म्हणाले. "घागरीक वजां म्हणू नको, माझ्या डोक्यारचा उतारला. बरोबर? मगे उतारला तां गेला खय?"

बुवांनी उत्तराची वाट बघितली नाही.

"राधेच्या डोक्यार. घागर खय ठेवतत? डोक्यार. म्हणजे म्हातारीन आपला वजां चेडवाच्या, पोरीच्या डोक्यार चढवल्यान, आणि वर सांगता, वजां म्हणू नको. ही कसली माया रे? ही आवस न्हय, सासू."

"लोकांना आवडतं, बुवा. लोक रडतात."

"लोकांचा सांगू नको. लोक पेटी उघडली तरी रडतत." बुवांनी मफलर सोडून परत गुंडाळला. "कापड चांगला आसा. पण शिवलेला दुसऱ्याच्या अंगासाठी. तुझा आसा मां?"

हीच ती वेळ होती. मशीन उचललेलं होतं, झाकण पडत नव्हतं.

"माझंच आहे, बुवा."

बुवांनी नजर वळवली, आणि जे बोलले ते सर्वेशने अपेक्षिलं नव्हतं.

"खरां सांगू? माका बरां वाटता. परवा मार्केटात एक बाई पाया पडली. म्हणाली, बुवा, तुमची गौळण आयकलंय आणि आवशीची आठवण इली. मी काय बोललंय? देवाची कृपा, बोललंय. मी बोलाक नाय की बाये, तां माझा न्हय, शिष्याचा. नाव माझा आसा, पण गाणां माझा न्हय. येवढा बोलाक काय लागता? जीभ उचलाक नाय." ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "ह्या वयात लाज वाटता. पण बरांय वाटता. दोनय खरां."

चहा आला. सर्वेशने तो गरम गरम घशात ओतला, जीभ भाजली.

"रयवारी गा," बुवा म्हणाले. "पण अर्थ लावून गा. मी समोर बसान. माझ्या नावाचा गाणां, आणि माकाच त्याचो अर्थ लागना नाय, असां नको."

*

तो घरी आला. अक्षता पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "बुवांनी पकडलं?"

"काय पकडलं?"

"मी काय आंधळी आहे का रे? त्या वैशाखात मीही होते विहारात. खीर मीही खाल्ली. पहिल्यांदा व्हिडिओ बघितला तेव्हा वाटलं, तू मावशीला विचारलं असशील. मग वाटलं, विचारलं असतंस तर मेथी अशी मेलेली कशाला आली असती घरात?"

"तू बोलली नाहीस."

"तू सांगशील म्हणून थांबले. आता माझाही त्यात वाटा झाला बघ. झकास." तिने पोळी तव्यावर टाकली. "जा. गल्लीतून जा."

*

शकुमावशी दारातल्या उजेडात साडीला फॉल लावत बसली होती. वर न बघता म्हणाली, "ये. आज बरं घर सापडलं. पंखा लाव, बटण तुझ्या डोक्यामागं हाय."

सर्वेशने पंखा लावला. तो उभाच राहिला.

"मावशी, ते गाणं —"

"थांब. धागा तोडू दे." तिने दाताने धागा तोडला. "ऐकलं म्या. संघमित्रानं मोबाईलवर दाखवलं, उन्हाळ्यातच. पेटी चांगली वाजवतोस. ढोलकीपेक्षा बरी."

उन्हाळ्यापासून. म्हणजे तो वळसा घालत होता तेव्हा तिला ठाऊक होतं. पलीकडून त्याचा वळसा तिला दिसतही असेल.

"मावशी, माझं चुकलं. समोरच्याने माझीच चाल गायली आणि मला काही —"

"ते तुझं तू बघ." तिने सुईत दुसरा धागा ओवला, पहिल्याच खेपेला ओवला. "तुला एक गंमत सांगते. देवनारला माझ्या भाचीच्या लेकीचं नामकरण होतं. सगळ्या म्हणाल्या, मावशे, तुझं ते म्हण. मी उभी राहिले. पहिली ओळ म्हटली, आन् भाचीचा दीर, सम्यक, मागून म्हणाला, मावशी, हे राधाकृष्णाचं भजन आपल्यात कशाला म्हणता? शिकलेला मुलगा हाय, वाईट न्हाई. त्यानं आधी तुझं ऐकलेलं. त्याला वाटलं, म्हातारीनं भजनवाल्यांचं उचललं, राधा काढली आन् लेक घातली."

सर्वेश खाली बसला.

"म्या सांगितलं, बाबा, हे माझं हाय. तर हसले सगळे. प्रेमानंच हसले. भाची म्हणाली, असू दे मावशे, दुसरं म्हण. दुसरं काय म्हणू? बसले खाली. तवापासून ते गाणं म्हणत न्हाई मी. आमच्यात ते आता चालत न्हाई."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती. इतके महिने सर्वेशला वाटत होतं, आपण मावशीच्या घरातली एक वस्तू उचलली, ती परत ठेवली की झालं. पण आपल्यामुळे तिच्याच घरात ती वस्तू चोरीची ठरली होती.

"रविवारी मुलुंडला मी सगळ्यांसमोर तुमचं नाव सांगतो," तो म्हणाला. "पहिल्यांदा तेच. मग पेटी."

"माझं नाव त्यात कुठं होतं? लेकीचं होतं. ते खोडून तू तुझ्या गुरूचं घातलंस." तिचा आवाज चढला नाही. "भाषण नको करू. हात नको जोडू माईकवर. त्या जागी तिचं नाव म्हण. तेवढंच. राधा ठेव, घागर ठेव, न्हाईतर आणखी काय ठेवायचं ते ठेव. तिचं नाव होतं तिथं ठेव."

"सगळंच परत करतो, मावशी. लेकी, दप्तर, सगळं. जसं होतं तसं."

शकुने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "सगळं म्या मागितलं न्हाई," ती म्हणाली.

*

मुलुंडचा हॉल भरला होता. मधोमध खुर्ची, खुर्चीत बाळा बुवा, अंगावर शाल, मांडीवर नारळ. शाल इतकी मोठी होती की बुवा आत कुठेतरी होते. समोर नंदकुमार बुवांची पार्टी.

"आज मी घाडी बुवांची चाल आधी गाणार नाही, असा शब्द देतो," नंदकुमार बुवा म्हणाले. "गुरूंच्या समोर शिष्याची अब्रू काढायची नसते. ती बाहेर चहाच्या टपरीवर काढायची असते."

हशा. सर्वेशने पेटीचा भाता उघडला आणि दादूकडे वाकला. "आज शब्द वेगळे आहेत."

"किती वेगळे?"

"होते तसे."

"कोरसला सांगितलंस?"

"नाही."

"मग ते राधेलाच बोलावणार," दादू म्हणाला आणि पखवाजावर हात ठेवला.

दादूचं खरं झालं. सर्वेशने म्हटलं, जा गं लेकी, मागं नको बघू. पाठीमागून सहा गळ्यांनी, वर्षभराच्या सवयीने, उचललं: जा गं राधे. त्याने परत लेकी म्हटलं. त्यांनी परत राधे. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. वाटलं, बुवा चुकले. तिसऱ्यांदा सर्वेशने पेटी थांबवली आणि नुसत्या गळ्याने 'लेकी' म्हटलं, लांब, कोरसला श्वास घ्यायला जागा न ठेवता. एकाने 'लेकी' म्हटलं. मग दुसऱ्याने. मागे ओढलेला दोर हळूहळू सुटावा तशी राधा गेली.

दप्तराला तुझ्या ओझं नको म्हणू
माझ्या डोईचं उतरलं हाय

'हाय'सुद्धा तसंच ठेवलं त्याने. हॉल गप्प झाला. घाटकोपरचा मांडव असा गप्प झाला नव्हता. तिथे लोक ऐकून गप्प झाले होते. इथे कळून झाले. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बायका भिंत सोडून पुढे आल्या. नंदकुमार बुवांनी हातातले टाळ मांडीवर उताणे ठेवले. आणि बाळा बुवांची मान, जी ताठ होती, हळूच हलली, एकदा. अर्थ लागला होता.

शेवटचं कडवं आलं.

सर्वेशने वर बघितलं. बुवा शालीतून पुढे झुकले होते. ओठ हलत होते. आपलं नाव येण्याआधीच ते म्हणत होते, आवाज न करता, बक्षीस समारंभात पुढच्या रांगेतलं मूल आपल्या नावाची वाट बघतं तसे. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर लाजही होती आणि बरं वाटणंही होतं. दोन्ही.

सर्वेशने पेटीवर एक आवर्तन जास्तीचं घेतलं. दादूने भुवई उचलली पण ताल दिला. तेवढ्या वेळात माणूस दोनदा खरं बोलू शकतो. सर्वेशला जागा दिसत होती. जागा मोकळी होती. दोन्ही नावं तिच्या दारात उभी होती, मात्रा सारख्याच.

बाळा बुवा म्हणती, लेकी
मागं आता वाट न्हाई

कोरसने ते लगेच उचललं. ही ओळ त्यांना पाठ होती.

*

"अर्थ लागलो," बुवा नंतर म्हणाले. लोक पायाशी वाकत होते, ते एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत होते. सर्वेश वाकला तेव्हा त्यांनी त्याचा कान जवळ ओढला. "दप्तर. म्हणान उतारला. आता लागलो. तां चेडू कोणाचा, माका सांगू नको."

"बुवा —"

"नको सांगू. मी ऐंशीक इलंय." आणि पुढच्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवला.

शकुने मागितलं नव्हतं ते सगळं सर्वेशने परत केलं होतं आणि तिने मागितलं होतं ते ठेवून घेतलं होतं. एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ. पण नव्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं: बाळा बुवांच्या गौळणीचे अस्सल, मूळ शब्द. आधी राधेचे होते ते शिष्याने बदललेले, बुवांचे खरे हे. लेकीच्या शिक्षणावर, तेही भजनात, काय दृष्टी होती माणसाची. भांडुपच्या एका शाळेतल्या बाईंनी बुवांकडे स्नेहसंमेलनात बसवायची परवानगी मागितली. बुवांनी दिली.

आता देवनारला कुणी ते म्हटलं, तर सम्यक काय म्हणेल? म्हणेल, भजनवाल्या बुवांनी आपल्या लेकींवर किती चांगलं गाणं लिहिलं.

अक्षता त्या दिवशी फक्त एवढंच म्हणाली, "सवयीने आलं का रे तोंडात?" आणि तो 'हो' म्हणाला. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मशीनवर असताना मोबाईल थरथरला. संघमित्राचा मेसेज होता. ती त्याला कधीच मेसेज करत नसे.

आई विचारतेय, चुकून झालं का?

सर्वेशने मशीन उचललेलंच ठेवलं. पोत्यात झाकण पडायचं थांबलं. सुपरवायझरने काचेतून बघितलं. त्याने 'हो' लिहिलं. ते खोडलं. गुरूचं वय लिहिलं, त्यांची शाल लिहिली, ते ओठ कसे हलत होते ते लिहिलं. तेही खोडलं.

मग लिहिलं, 'नाही', आणि पाठवलं.

निळ्या दोन खुणा आल्या. उत्तर आलं नाही. संध्याकाळी तो भाजीवाल्याच्या गल्लीतून घरी गेला. शकुमावशीचं दार उघडं होतं, ती दारात बसली होती, आणि तिने त्याला जाऊ दिलं.

शकुने ते गाणं बांधलं, त्यात संघमित्रा हे नाव घातलं, तेव्हा ती देवनारला राहत होती, आणि त्या नावाची लेक जन्माला यायला अजून दोन वर्षं होती.